तक्त्यावर नसलेली अक्षरं

नवीन तक्त्यावर जी अक्षरं नव्हतीच, ती माझ्या बायकोनं एकदाही न अडखळता वाचून दाखवली.

मी चष्मेवाला आहे. दुकान बोळासारखं अरुंद आणि लांब. एका टोकाला खुर्ची, दुसऱ्या टोकाला भिंतीवर अक्षरांचा तक्ता, मधे मोजून वीस फूट. दुकानाच्या वाढदिवसाला पहिला नंबर हिचा काढायचा, ही आमच्या घरची रीत. दुकान उघडलं त्या दिवशी दुपारपर्यंत कोणी फिरकेना, म्हणून मी हिलाच खुर्चीत बसवलं होतं, तेव्हापासूनची. यंदा एकतिसावं वर्ष. जुना तक्ता पिवळा पडला होता, म्हणून फ्रेमच्या कंपनीचा माणूस आदल्या दिवशी नवा देऊन गेला होता आणि सकाळी दुकान उघडल्याबरोबर मी तो लावला होता. हिला सांगायचं राहून गेलं. ही अकराला आली, खुर्चीत बसली. मी तिच्या नाकावर चाचणीची फ्रेम ठेवली, डाव्या डोळ्यापुढे काळी चकती सरकवली आणि म्हणालो, "चला बाईसाहेब, उजवा."

ती म्हणाली, "ग. म, र. प, त, व. क, न, ल, स."

पाढे म्हणावेत तशा तिच्या नेहमीच्या चालीत म्हणाली. नव्या तक्त्यावर सगळ्यात वर हाताच्या पंजाएवढा 'ट' होता. 'ग' त्यात कुठंच नव्हता.

मला आधी वाटलं, थट्टा चाललीय. हिला सवय आहे. गिऱ्हाईक समोर असतानासुद्धा ही गंभीर चेहऱ्यानं एखादी पुडी सोडते आणि मी तोंडघशी पडतो.

"पुन्हा वाच बरं," मी म्हणालो.

तिनं पुन्हा तेच वाचलं. मान सरळ होती, डोळा उघडा होता, स्वच्छ होता आणि थेट त्या 'ट'वर रोखलेला होता.

मी चकती काढून उजव्या डोळ्यापुढे लावली. "आता डावा."

"ग," ती म्हणाली आणि थांबली. बाहेरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "तक्ता बदललात?"

"सकाळी."

"सांगायचं तरी."

घरातला साबण संपलाय हे मी सांगायला विसरलो की ती याच सुरात बोलते. मी चकती परत डाव्या डोळ्यावर सरकवली, तिच्यापुढे हात धरला आणि विचारलं, किती बोटं. ती हाताच्या पलीकडे बघत राहिली. दिवा कुठं आहे विचारलं, तर म्हणाली, "तिकडून उजेड येतोय बहुतेक." तिनं दाखवलं ते दार होतं. दिवा तिच्या डोक्यावर होता. माझ्या पायाखालची जमीन सरकली असं मी म्हणणार नाही, कारण त्या वेळी पाय आहेत की नाहीत तेच मला कळत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, हा माणूस अडाणी असेल. अडाणी असतो तर बरं झालं असतं. गल्लीत माझ्या दुकानाला 'ब्रह्मज्ञान चष्माघर' म्हणतात. गल्ल्यामागे दोन फळ्या आहेत. वरच्या फळीवर पश्चिमेकडचे तत्त्वज्ञ, खालच्या फळीवर आपल्याकडचे. यात मानापमान काही नाही, आपल्याकडचे जाड आहेत, वर ठेवले की फळी वाकते. काच घासून होईपर्यंत गिऱ्हाईक बसलेलं असतं, ते माझ्या तावडीतून सुटत नाही. पश्चिमेकडचा एकजण म्हणतो, ज्या इंद्रियांनी एकदा दगा दिला त्यांच्या भरवशावर राहू नये. दुसरा विचारतो, पाहणारं कोणी नसताना वस्तू असते कशावरून. आपल्याकडचे जास्त व्यवहारी. ते आधी यादी करतात, कळण्याचे मार्ग किती. डोळ्यांनी पाहणं, तर्क करणं, भरवशाच्या माणसाचा शब्द ऐकणं. त्यातला एक पंथ तर म्हणतो, नसणंसुद्धा कळतं. जमिनीवर घडा नाही हे आपल्याला कसं कळतं, घडा तर तिथं नाहीच, मग दिसलं काय? या एका प्रश्नापायी मी अख्खा उन्हाळा घालवला होता. त्या उन्हाळ्यात दोघांच्या काचा उलटसुलट गेल्या, पण मला आनंद मोठा होता.

आणि या पुस्तकांतून एक माणूस सारखा भेटतो, डोळ्याचा रोगी. त्याला एका चंद्राचे दोन दिसतात, पांढरा शंख पिवळा दिसतो, नसलेले केस हवेत तरंगताना दिसतात. त्याला जे दिसतं ते खोटं म्हणायचं की काय म्हणायचं, यावर मोठमोठी माणसं शतकानुशतकं भांडली आहेत. मीही रात्रंदिवस त्यात रमलो. त्या बिचाऱ्याला धरून डॉक्टरकडे न्यावं हे कोणालाच सुचलेलं दिसत नाही.

तीन वर्षांपूर्वी हिनं एका संध्याकाळी हातातलं मासिक मिटून ठेवलं आणि म्हणाली, "तुम्हीच काहीतरी वाचून दाखवा. तुमच्या तोंडून बरं वाटतं." मी हुरळून गेलो. जिनं अठ्ठावीस वर्षं माझ्या पुस्तकांवरची नुसती धूळ झटकली, ती आता रोज संध्याकाळी हात मांडीवर ठेवून ऐकायला बसू लागली. आज वरच्या फळीतलं, उद्या खालच्या फळीतलं. मी भेटेल त्याला सांगत सुटलो की बायकोला तत्त्वज्ञानाची गोडी लागली. त्याच सुमाराला ती रस्त्यानं चालताना माझा हात धरू लागली. नेहमी माझ्या डाव्या बाजूला राहून, माझं कोपर घट्ट पकडून. उतारवयातलं प्रेम समजून मी ऐटीत चालत होतो. तिची उजवी बाजू माझ्या अंगानं झाकलेली राहावी म्हणून ती तसं चालत होती, हे मला त्या दिवशी दुकानात उभ्या उभ्या कळलं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, पण माझा वळसा गावापुरता राहिला नव्हता, मी दोन खंड फिरून आलो होतो.

मी दार ओढून घेतलं आणि शेजारच्या शिंप्याला दुकानाकडे लक्ष ठेवायला सांगितलं.

"वहिनींना बरं नाही का?" त्यानं विचारलं.

"उजव्या डोळ्यानं दिसत नाही तिला."

शिंप्याचं मशीन थांबलं. "मी गेल्या वर्षीच तुम्हाला म्हटलं होतं. वहिनी रोज माझ्या पायरीला ठेचकाळतात. तुम्ही म्हणालात, पायरी ही मुळात आपली कल्पना आहे."

"म्हणालो असेन."

"मग मी पायरीच्या कडेला पांढरा रंग लावला."

मी खाली पाहिलं. बोटभर रुंदीचा पांढरा पट्टा होता, वर्षभर जुना, पायांनी झिजलेला. मी रोज त्यावरून चढत-उतरत होतो. मला शिंप्याचा राग आला, इतका की हात उगारला जातो की काय असं वाटलं. तो राग का आला हे मला नीट माहीत होतं, म्हणून मी हिला घेऊन चालायला लागलो.

डोळ्यांचा दवाखाना दोन चौक पुढे आहे. तिथल्या डॉक्टर बाईंकडे मी वर्षानुवर्षं गिऱ्हाइकं पाठवतो. वाटेत हिनं नेहमीसारखं माझं कोपर धरलं. मला राहवलं नाही.

"तक्ता पाठ कधी केलास?"

"करतंय कोण? एकतीस वर्षं लोकांना छडीनं दाखवतेय. झालाय पाठ."

"पण न दिसता म्हटलास कशाला?"

"तीन वर्षांपूर्वी मी म्हटलं होतं, उजव्यानं खालच्या ओळी लागत नाहीत. तुम्ही काचा बदलत राहिलात. एक घाला, एक काढा. मग चिडलात. समोर दोन गिऱ्हाइकं बसलेली. म्हणालात, लक्ष कुठं आहे तुझं, नीट बघ. मला वाटलं, चष्मेवाल्याच्या बायकोलाच चष्म्यानं दिसत नाही म्हटलं तर त्या लोकांना काय वाटेल. मग म्हणून टाकलं घडाघडा. तुम्ही केवढे खूश झालात. त्यांना म्हणालात, पाहिलंत, दोष काचेत नसतो, अवधानात असतो."

मला आठवलं. त्यातल्या एकानं मान डोलावली होती.

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी काय, चाल बसली होती."

"अगं, पण मला सांगायचं नाहीस?" माझा आवाज चढला. रस्त्यावरची एक बाई वळून बघायला लागली.

"सांगितलं की," ती म्हणाली. "कितीदा सांगितलं. तुम्ही लिहूनसुद्धा घेतलंत."

मला काही उमजलं नाही. खरं सांगायचं तर मला वाटलं, ही स्वतःच्या चुकीवर पांघरूण घालायला बघतेय.

डॉक्टर बाईंनी तासभर तपासलं. थेंब घातले, यंत्रापुढे हनुवटी टेकवायला लावली, एका गोल भांड्यासारख्या यंत्रात बारीक ठिपके दाखवून दिसला की बटण दाबा म्हणाल्या. मी भिंतीला टेकून उभा होतो. मधला बराच वेळ बटणाचा आवाज यायचाच नाही. त्या शांततेत मी मनातल्या मनात तिला सांगत होतो, दाब ना, अगं दाब.

"काचबिंदू आहे," डॉक्टर बाई शेवटी म्हणाल्या. "डोळ्यातला दाब वाढून आतली नस सुकत जाते. उजव्यात आता नुसता उजेड कळतो. डाव्यात मधलं दिसतंय, कडेचं गेलंय. नळीतून बघितल्यासारखं दिसत असणार त्यांना."

"परत येईल ना?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं. एकतीस वर्षं धंद्यात काढली आहेत.

"गेलेलं येत नाही. उरलेलं राखायचं." त्यांनी नवा केसपेपर ओढला. "त्रास कधीपासून आहे?"

"आजच कळलं," मी म्हणालो.

"त्यांना विचारतेय."

ही माझ्याकडे वळली. पूर्ण मान वळवून वळली, हेही मी त्याच दिवशी पाहिलं. "तारखा मला नाही आठवत. वही काढा ना तुमची. त्यात असेल सगळं."

माझ्या खांद्याच्या पिशवीत एक जाड वही असते. वाचताना जे सुचतं ते मी तारीख घालून त्यात उतरवतो. ही चौथी वही. चारचौघांत मी तिला चिंतनवही म्हणतो. गेली तीन वर्षं त्यात अधूनमधून हिची वाक्यं येतात, कारण संध्याकाळी वाचन चाललेलं असताना ही मधेच असं काही बोलायची की मी थक्क व्हायचो. मला वाटायचं, ही माझ्याही पुढे गेली.

मी वही उघडली. माझंच अक्षर मला वाचता येईना, आणि माझा चष्मा माझ्या नाकावर होता.

"वाचा," डॉक्टर बाई म्हणाल्या. पेन त्यांच्या हातात तयार होतं.

पहिली तारीख तीन वर्षं चार महिन्यांपूर्वीची होती. "ही म्हणाली, दिव्याभोवती रंगीत कडं दिसतंय." डॉक्टर बाईंनी तारीख उतरवली. त्याच हिवाळ्यात पुढे, "ही म्हणाली, सकाळी भुवईच्या वर ठणकतं, मग आपोआप जातं." पुढच्या वर्षी, "ही म्हणाली, तुमच्याकडे बघितलं की दार नाहीसं होतं." त्यानंतर, "ही म्हणाली, पायरी आहे हे आता पायालाच कळतं." मी एकेक वाचत होतो आणि त्या एकेक उतरवत होत्या. प्रत्येक वाक्याखाली मी केलेलं चिंतन होतं, कुठं चार ओळी, कुठं पानभर. ते मी वाचलं नाही.

"शेवटचं?" त्यांनी विचारलं.

"गेल्या महिन्यातलं. ही म्हणाली, उजवीकडे काही नाहीच, अंधारसुद्धा नाही."

डॉक्टर बाईंचं पेन थांबलं. "हे तुम्ही वाचनालयात सांगितलं होतंत. मी आले होते त्या दिवशी."

सांगितलं होतं. महिन्यातून एकदा वाचनालयात माझं व्याख्यान असतं. गेल्या महिन्यात विषय होता 'नसणं कसं कळतं'. घडा नसलेल्या जमिनीपासून सुरुवात केली, वरच्या फळीतले तिघे खंडनाला उभे केले आणि शेवटी म्हणालो, "हे सगळं माझ्या पत्नीनं एका वाक्यात सांगितलं आहे," आणि ते वाक्य म्हटलं. टाळ्या थांबेनात. ही पहिल्या रांगेत बसली होती. टाळ्या कुठून येताहेत ते बघायला तिनं एकदा डावीकडे मान वळवली, मला वाटलं लाजली.

"मला वाटलं, ते पुस्तकातलं काही असेल," डॉक्टर बाई म्हणाल्या. त्यांचाही चेहरा उतरला होता. त्यांनी हात पुढे केला. मी वही दिली. द्यायची नव्हती, पण नाही म्हणायला तोंड कुठं होतं? त्यांनी पहिलं पान पुन्हा उघडलं आणि हिच्या वाक्याखालचं माझं अक्षर मोठ्यानं वाचलं.

"कडं दिव्याचं की पाहणाऱ्याचं? वरची फळी म्हणेल, मनाचं. खालची फळी म्हणेल, दोष डोळ्याचा, दिव्याचा नव्हे. खालची फळी बरोबर. सुंदर." सुंदरखाली मी दोन रेघा मारल्या होत्या.

"दोष डोळ्याचा," त्या पुन्हा म्हणाल्या. "निदान तुम्हीच करून ठेवलंय. मी पत्रक दिलं होतं ना तुम्हाला, दुकानात लावायला?"

"लावलंय."

लावलंय, तक्त्याच्या शेजारीच. दिव्याभोवती रंगीत कडं, कडेचं न दिसणं, सकाळची डोकेदुखी, यांपैकी काहीही जाणवल्यास त्वरित डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. ते वाचून मी आजवर कितीतरी लोकांना इथं पिटाळलंय. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं शिंपी मला चेष्टेनं म्हणायचा आणि मीही हसायचो.

"तेव्हा आणलं असतंत तर..." त्यांनी वाक्य तोडलं. मग डॉक्टरला विचारावंच लागतं तसं विचारलं, "हे लिहिल्यावर पुढे काय केलंत?"

"व्याख्यान दिलं," मी म्हणालो.

हिनं टेबलावर चाचपून माझा हात शोधला आणि त्यावर आपला हात ठेवला. मला ते सहन झालं नाही. तिनं मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी ताठ बसलो असतो. तिथं, त्या खुर्चीत, परक्या बाईसमोर मी रडलो.

संध्याकाळी घरी ही तिच्या जागेवर बसली आणि रोजच्यासारखं म्हणाली, "वाचा."

"तुला खरंच आवडतं का ते?" मी विचारलं. हा प्रश्न मी तीन वर्षांत विचारला नव्हता.

"काय?"

"मी वाचतो ते."

ती जरा घुटमळली. "कळत काही नाही हो. पण तुम्ही वाचत असलात की कुठं बसलाय ते कळतं. गप्प झालात की मला तुम्ही सापडत नाही."

मी उभा होतो. बोलत नव्हतो. ती माझ्यापासून दोन हातांवर, थोडी डावीकडे, रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. मी घाईघाईनं काहीतरी वाचायला शोधू लागलो. पुस्तकं हाताशी होती, दोन्ही फळ्यांतली. मी औषधाच्या खोक्यातला चिठोरा उलगडला आणि मोठ्यानं वाचायला लागलो. डाव्या डोळ्यात एक थेंब. सकाळी एक, संध्याकाळी एक. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाच्या बाजूची कड बोटानं दाबून धरावी. बाटलीचं टोक डोळ्याला लागू देऊ नये. बरं वाटलं तरी औषध थांबवू नये. झाकण घट्ट लावावं. मी बारीक अक्षरातलं सगळं वाचलं, कारखान्याच्या पत्त्यापर्यंत.

तिनं हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आज कळलं बाई सगळं," ती म्हणाली आणि तिनं मान मागे टेकवली.

मी बाटली उघडली. दुसऱ्यांच्या डोळ्यांपुढे एकतीस वर्षं काचा धरणारा माझा हात, पण त्याचा नेम चुकला. पहिला थेंब तिच्या गालावर पडला.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"बाटली," ती म्हणाली. "आणि तुमचं बोट. धरा नीट."